सावित्री खोरे आणि द्राक्षमद्याचा रसास्वाद : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाड म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकासमोर दोन गोष्टी प्रामुख्याने उभ्या राहतात. एक तालुक्याच्या उत्तरेस उभा असलेला रायगड आणि दुसरी शहराच्या मध्यभागी असलेले चवदार तळे. या दोन तेजस्वी संदर्भांमुळे महाडची तिसरी ओळख काहीशी झाकोळली गेली आहे. ती ओळख बंदराची होय. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत असत. तेथून पोलादपूरमार्गे पार घाटाने, तसेच वरंध घाटाने माल देशावर चढत असे. समुद्र आणि सह्याद्री यांना जोडणारा हा पट्टा म्हणजे मालाच्या, माणसांच्या आणि त्यांच्याबरोबर चवींच्याही देवघेवीचा मार्ग होता.

प्रस्तुत लेखात या देवघेवीतील एका वस्तूचा, म्हणजे द्राक्षमद्याचा किंवा आजच्या भाषेत वाइनचा, विचार केला आहे. त्यातही शार्डोने या द्राक्षापासून होणारी भारदस्त पांढरी वाइन आणि तिचा अन्नासोबत घेतला जाणारा आस्वाद हा विषय केंद्रस्थानी ठेवला आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने असा विषय का घ्यावा, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. आपल्या अभ्यासक्रमांत मद्य येते ते बहुधा अबकारी उत्पन्नाच्या कोष्टकात किंवा दारूबंदीच्या चर्चेत. चव ही खाजगी, क्षणिक आणि म्हणून इतिहासबाह्य गोष्ट मानली जाते. परंतु कोणाच्या ताटात काय यावे, कोणी काय प्यावे आणि कोणाची अभिरुची श्रेष्ठ ठरावी, हे व्यापार, कायदा आणि समाजरचना यांनी ठरविलेले असते. चव हीसुद्धा इतिहासाने घडविलेली वस्तू आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

प्राचीन व्यापार आणि द्राक्षमद्य

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचे वर्णन आहे. बॅरिगाझा म्हणजे भडोच येथे येणाऱ्या आयात मालाच्या यादीत वाइनचा उल्लेख अगदी आरंभी येतो. इटलीची वाइन विशेष पसंतीची, त्याखेरीज लाओडिसियाची आणि अरबस्तानची, असा तपशील तेथे दिलेला आहे. याच ठिकाणी राजासाठी आणल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तूंची वेगळी नोंद असून तीत चांदीची पात्रे, तलम वस्त्रे आणि उत्तम प्रतीची वाइन यांचा समावेश आहे. एकाच बंदरात बाजाराची वाइन वेगळी आणि राजाची वाइन वेगळी होती, ही बाब लक्षणीय आहे. ‘प्रीमियम’ या आजच्या शब्दामागील कल्पना दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत स्पष्टपणे दिसते.

हाच ग्रंथ कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या स्थानिक बाजारपेठांची नावे देतो. त्यांत ‘पालैपत्माइ’ हे नाव येते. काही अभ्यासकांनी हे स्थळ महाडजवळील पाले होय असे मानले आहे, तर काहींनी ते दाभोळ असल्याचे प्रतिपादन केले आहे. हा वाद बाजूला ठेवला तरी गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि महाडजवळचीच कोल येथील लेणी या परिसराच्या प्राचीन समृद्धीची साक्ष देतात. गांधारपाले येथील एका लेखात कुमार काणभोअ वेण्हुपालित याच्या दानाचा उल्लेख आहे. व्यापारी मार्गावर लेणी, लेण्यांना दाने आणि दानांमागे व्यापारातील संपत्ती, हा सातवाहनकालीन महाराष्ट्राचा परिचित क्रम येथेही दिसतो.

महाडच्या धक्क्यावर इटलीची वाइन उतरत होती, असे विधान मात्र करता येत नाही. ‘पेरिप्लस’मधील यादी भडोचची आहे. नेवासे, तेर, जुन्नर, घारापुरी अशा ठिकाणी दोन मुठींच्या रोमन कुंभांचे अवशेष सापडल्याच्या नोंदी आहेत. कोल्हापूर येथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेल्या कांस्य वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवतेच्या मूर्तीबरोबर रोमन घडणीची सुरईही आहे. अलीकडच्या काळात रोबर्टा टोंबर यांनी या मृद्भांडांची पुन्हा तपासणी करून, रोमन समजली गेलेली अनेक खापरे वस्तुतः मेसोपोटेमियातील डांबराचा लेप दिलेल्या कुंभांची असल्याचे दाखविले आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर येणारी वाइन केवळ रोमची नव्हती, इराणी आखाताचाही तीत वाटा होता. संशोधनात एका खापराचा अर्थ बदलला की चवीचा नकाशाही बदलतो, तो असा.

भारतीय ग्रंथांतील अभिरुची

द्राक्षमद्य ही केवळ परदेशी वस्तू होती असेही म्हणता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या कर्तव्यांचे विवेचन आहे. तेथे मृद्वीकेच्या म्हणजे द्राक्षांच्या रसाला ‘मधु’ म्हटले असून, त्याची ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ ही नावे उत्पत्तिस्थानावरून पडल्याचे सांगितले आहे. कापिशी येथील द्राक्षमद्याचा निर्देश पाणिनीच्या व्याकरणपरंपरेतही येतो. आज फ्रान्समधील बर्गंडी किंवा आपल्याकडील नाशिक हे नाव बाटलीवर जे काम करते, तेच काम प्राचीन काळी कापिशी हे नाव करीत होते. कौटिल्याने पानागाराचेही वर्णन केले आहे. निरनिराळ्या दालनांत स्वतंत्र आसने, सुगंध, पुष्पमाला, पाणी आणि ऋतूला अनुकूल अशी सुखसोय तेथे असावी, असे तो सांगतो. त्याच वेळी विक्रीचे प्रमाण, स्थळ आणि ग्राहक यांवर राज्याची कडक नजर असावी, असेही त्याचे म्हणणे आहे. आस्वाद आणि नियंत्रण या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकाच प्रकरणात नांदू शकतात, हे येथे दिसून येते.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोग आणि पानीयभोग यांना स्वतंत्र स्थान मिळाले. अन्न आणि पेय यांच्या उपभोगाला शास्त्राचा विषय मानणारी परंपरा आपल्या भूमीत होती. तथापि ती राजदरबाराची परंपरा होती, याचा विसर पडता कामा नये.

रायगडावरील पाहुणे : १६७४

चवींच्या भेटीचा एक प्रसंग प्रत्यक्ष महाड तालुक्यात घडला. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, म्हणजे १६७४ च्या मे-जून महिन्यांत, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. या भेटीच्या वृत्तांतात अन्नाविषयी मनोरंजक माहिती मिळते. गडावरील भोजन तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवून लोण्यातुपाबरोबर खाण्याचे, म्हणजे खिचडीचे होते. मांसाहाराची सवय असलेल्या इंग्रजांना ते पुरेसे वाटेना. तेव्हा त्यांच्यासाठी बकऱ्याच्या मांसाची व्यवस्था करण्यात आली. ते पुरविणारा वृद्ध खाटीक, आपल्याकडून एवढे मांस घेणारे हे कोण पाहुणे, हे पाहण्यासाठी मुद्दाम गड चढून आला.

ही हकीकत सामान्यतः गमतीचा प्रसंग म्हणून सांगितली जाते. तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. सार्वभौमत्वाच्या एवढ्या मोठ्या सोहळ्यातही यजमानाने आपले अन्न बदलले नाही आणि पाहुण्यांवर ते लादलेही नाही. दोन अन्नसंस्कृती एका गडावर शेजारी शेजारी राहिल्या. पुढील दोनशे वर्षांत हे समतोल नाते टिकले नाही.

अबकारी कायदा आणि चवीची उतरंड

ब्रिटिश अमदानीत महाड हा कुलाबा जिल्ह्याचा भाग होता. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. कोकणात माडी-ताडी आणि मोहाची दारू ही स्थानिक पेये होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्याच्या झाडांवरील कर, परवाने आणि मक्तेदारीची पद्धत घट्ट केली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांचा व्यवहारच नियंत्रणाखाली आणला. डोंगरातील माणसाने आपल्या झाडाखाली पडलेली फुले गोळा करून साठविणे हाही गुन्हा ठरू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात रूढीचे रूपांतर गुन्ह्यात कसे झाले, हे दाखवून दिले आहे. तोच विचार कोकणालाही लागू पडतो.

या काळात साहेबाच्या टेबलावर मदिरा बेटावरील आणि फ्रान्समधील बाटल्या होत्या, तर गावकऱ्याच्या हाती कर भरलेली सरकारी देशी दारू किंवा चोरून गाळलेली हातभट्टी होती. एकाचे पिणे अभिरुची ठरले आणि दुसऱ्याचे पिणे व्यसन किंवा अपराध. ‘विदेशी’ आणि ‘देशी’ ही दारूची विभागणी आजही आपल्या बोलण्यात आहे. ती केवळ मालाची विभागणी नसून माणसांचीही विभागणी आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सर्वांना एकाच पंगतीत बसविण्याचा प्रयत्न केला. साठच्या दशकात बंधने सैल झाली, पण त्याच कायद्याच्या चौकटीत महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना आवश्यक आहे.

चवदार तळ्याचा निकष

महाडमध्ये बसून पानाच्या इतिहासाविषयी लिहिताना एका घटनेसमोर थांबावेच लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळ्याचे नावच ‘चवदार’ आहे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हणावा लागेल. ज्या पाण्याची चव नावात गौरविली गेली, ते पाणी गावातील एका मोठ्या समूहाला वर्ज्य होते. पाणी विटाळले म्हणून तळ्याचे तथाकथित शुद्धीकरणही करण्यात आले.

या घटनेची आणि वाइनच्या आस्वादाची बरोबरी करण्याचा कोणताही हेतू नाही. उलट येथून एक निकष मिळतो. आस्वादाची चर्चा ही आस्वादाच्या अधिकाराच्या चर्चेनंतर यायला हवी. कोण कोणाबरोबर, कोणत्या पात्रातून, काय पिऊ शकतो, हा प्रश्न महाडने देशासमोर ठेवला. अभिरुचीचा जो इतिहास हा प्रश्न वगळतो तो केवळ दरबाराचा आणि क्लबाचा इतिहास राहतो.

शार्डोने : द्राक्षाची वंशावळ आणि महाराष्ट्रातील आगमन

शार्डोने हे बर्गंडीतील द्राक्ष. त्याच नावाचे एक खेडेही तेथे आहे. दीर्घकाळ हे द्राक्ष उच्चकुलीन मानले गेले. परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याची वंशावळ उघड केली. एका बाजूला प्रतिष्ठित पिनो आणि दुसऱ्या बाजूला गुए ब्लाँ हे शेतकऱ्यांच्या मळ्यात वाढणारे, हलके गणले गेलेले द्राक्ष, अशा दोघांच्या संकरातून शार्डोनेचा जन्म झाला आहे. कुलीनतेच्या कल्पनांविषयी इतिहासाने आणि विज्ञानाने मिळून दिलेला हा धडा आहे. दुसरा धडा २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये मिळाला. बाटल्यांवरील नावे झाकून फ्रेंच परीक्षकांनी चव घेतली तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील शॅटो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने पहिली आली. नाव झाकले की चव वेगळी लागते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाची पायाभरणी नारायणगावच्या शॅटो इंडाज या प्रकल्पाने १९८० च्या दशकात केली. शामराव चौगुले यांच्या या प्रकल्पातील फेसाळती ‘उमर खय्याम’ परदेशांतही गेली. नाशिकच्या सुलाने २००० मध्ये आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. शार्डोनेची ठळक लागवड झाली ती सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात. तेथील फ्रातेल्ली या भारतीय-इटालियन भागीदारीच्या वायनरीने पिपात किण्वन केलेली शार्डोने ‘विते’ या नावाने काढली.

अकलूज नीरा नदीच्या काठी आहे. ही नीरा उगम पावते ती भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या माथ्यावरील डोंगरात. त्याच डोंगराचे पश्चिमेकडील पाणी महाडच्या बाजूस उतरते. सह्याद्रीच्या एकाच धारेवर पडलेला पाऊस एका अंगाने अकलूजकडे आणि दुसऱ्या अंगाने सावित्रीकडे जातो. भूगोलाच्या दृष्टीने पाहता अकलूजची शार्डोने महाडला परकी नाही.

रसास्वाद आणि कोकणी ताट

भारदस्त शार्डोनेची घडण समजून घेतली तर तिच्या आस्वादाचे नियम आपोआप उलगडतात. आंबवणीनंतर या वाइनमधील मॅलिक आम्लाचे, म्हणजे हिरव्या सफरचंदाच्या तीक्ष्ण आंबटपणाचे, जिवाणूंच्या साहाय्याने लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्याताकाच्या मवाळ आंबटपणात रूपांतर होते. या क्रियेत लोण्यासारखा गंध निर्माण होतो. ओकच्या पिंपात ठेवल्याने व्हॅनिला आणि भाजक्या सुक्या मेव्याची छटा येते. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ ढवळत राहिल्याने तिला स्निग्धता लाभते. महाराष्ट्रात वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि द्राक्षे हिवाळ्याच्या उत्तरार्धात पिकतात. उष्ण हवेत आम्ल लवकर उतरते, त्यामुळे तोडणीची वेळ साधणे हे येथील खरे कौशल्य ठरते. ही वाइन बर्फासारखी गार न करता साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस तापमानात, रुंद पेल्यात, अल्प प्रमाणात घ्यावी. प्रथम रंग पाहावा, मग गंध घ्यावा आणि घोट क्षणभर जिभेवर फिरवावा.

स्निग्ध आणि आम्ल यांचा समतोल हे या आस्वादाचे मर्म आहे. कोकणी स्वयंपाकघर हेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या जाणते. नारळाच्या रसाला कोकमाची जोड देणारी सोलकढी दुसरे काय सांगते? या दृष्टीने आपल्या ताटाकडे पाहिल्यास काही पदार्थ शार्डोनेशी सहज जुळतात. खाडीतला जिताडा मंद आचेवर, मसाला बेताचा ठेवून भाजला तर त्याची चरबी आणि वाइनची स्निग्धता एकमेकींना उठाव देतात. नारळाच्या रसातील कोळंबी, ओल्या काजूची उसळ, वालाचे बिरडे यांचा गोडसर दाटपणा तिच्या भाजक्या छटेशी मिळतो. पोलादपूरकडे पावसाच्या आरंभी मिळणाऱ्या मुठ्यांचे गोड मांसही तिला मानवते. याउलट सुकट, सुके बोंबील आणि लाल मिरचीचे झणझणीत कालवण यांपुढे ती टिकत नाही. मिरचीमुळे मद्यार्काचा दाह वाढतो आणि सुक्या मासळीचा उग्र वास ओकच्या गंधाशी भांडतो. सोलकढीसोबतही ती घेऊ नये. कोकमाच्या आंबटपणापुढे वाइन फिकी पडते आणि खरे सांगायचे तर सोलकढी असताना त्या ताटाला दुसऱ्या पेयाची गरजही नसते.

प्रस्तुत लेखकाने काजूच्या हंगामात घरी याचा लहानसा पडताळा घेतला. उसळ एकदा नेहमीच्या तिखट मसाल्यात आणि एकदा केवळ नारळाच्या वाटणात केली. पहिल्या उसळीबरोबर वाइनमध्ये लाकडाखेरीज काही जाणवेना, दुसरीबरोबर तीच वाइन मोकळी झाली. आईने चव घेतली नाही. तिने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, “लोणी कढवताना येतो तसा वास आहे.” परदेशी परिभाषेत ज्याचे वर्णन वाचले होते, तो गंध तिने एका वाक्यात आपल्या चुलीशी जोडला. अभिरुचीची भाषा बाहेरून आणावी लागत नाही, ती आपल्याकडे आहे, याची जाणीव तेव्हा झाली.

एक अपरिहार्य प्रश्न

या चर्चेला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वर्गात समोर बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी दारूने संसार मोडले आहेत. त्यांच्यासमोर वाइनच्या आस्वादाविषयी बोलताना शब्द अडखळतो. महाराष्ट्रात महिलांनी ‘आडवी बाटली’साठी दिलेले लढे आणि मतदानाने दुकान बंद करण्याची २००८ च्या आदेशातील तरतूद ही या दुःखातूनच निपजली. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित आणि समाजाचे स्वास्थ्य या दोन्ही बाजूंनी तीव्र वाद झाला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद त्या वेळी वारंवार ऐकू आला. वैज्ञानिकदृष्ट्या तो टिकत नाही, कारण मद्यार्क दोहोंतही आहे. ऐतिहासिकदृष्ट्या त्यामागे ‘विदेशी’ आणि ‘देशी’ ही जुनीच उतरंड उभी आहे. महाग बाटली सभ्य आणि स्वस्त बाटली असभ्य, हे वर्गीकरण इतिहासाच्या अभ्यासकाने तरी जसेच्या तसे स्वीकारू नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, द्राक्षमद्याचा आस्वाद ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी अलीकडची आयात नाही. प्राचीन व्यापार आणि भारतीय ग्रंथ या दोहोंत त्याचे दाखले आहेत. दुसरी, प्रत्येक कालखंडात उत्तम पेय राजाचे किंवा साहेबाचे राहिले, आणि वसाहतकालीन कायद्याने सामान्यांच्या पेयाला गुन्ह्याच्या पायरीवर उतरविले. तिसरी, शार्डोनेसारख्या वाइनचा अन्नासोबतचा आस्वाद ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व कोकणी गृहिणीला अपरिचित नाही. म्हणून अभिरुची ही काही मोजक्या लोकांची मिरास मानण्यास आधार नाही.

सावित्रीच्या काठावरील अन्न, पेये, भांडी, हंगाम आणि निषेध यांचा पद्धतशीर इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे. त्यासाठी महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन वृद्ध स्त्रियांच्या स्मृती नोंदविल्या, मोह आणि माडाची झाडे मोजली आणि अबकारी खात्याचे जुने कागद अभ्यासले, तर स्थानिक इतिहासाचे एक नवे दालन उघडेल. त्या दालनात वाइनचा पेला असेल, माडीचे मडके असेल आणि त्या दोहोंच्या आधी, चवदार तळ्याच्या पाण्याची ओंजळ असेल.